कार्बन-इपॉक्सी बीमवर आघात आणि कंपन: मॉडेलवर विश्वास कधी ठेवायचा?

अभियंती

नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रबंधासाठी थरांच्या कंपोझिट बीमवर काम करते आहे. आधी कंपन, मग आघात, मग आघातानंतर पुन्हा कंपन, असा क्रम ठरला आहे.

बीम कार्बन-इपॉक्सीचा, म्हणजे कार्बनचे तंतू इपॉक्सी या रेझिनने (चिकट राळेने) बांधलेले. २५० मिमी लांब, २५ मिमी रुंद, ३ मिमी जाड. वरचे ६ थर लांबीच्या दिशेने (० अंश), मधले १२ आडवे (९० अंश), खालचे ६ पुन्हा ०. प्रत्येक थर ०.१२५ मिमीचा. डेटाशीटवरून मॉड्युलस (मालाचा ताठपणा) तंतूच्या दिशेने १३५ गिगापास्कल, आडव्या दिशेने १० आणि घनता १६०० किलो प्रति घनमीटर धरली.

एक टोक क्लॅम्प केल्यावर मॉडेल पहिली फ्रिक्वेन्सी ६७ हर्ट्झ देतं. हॅमर टेस्टमध्ये, म्हणजे हातोडीने ठोकून कंपन मोजल्यावर, येतात ४८. मॉड्युलस कमी करून जुळवून टाक, असा सल्ला मिळाला. पण ६७चे ४८ करायला १३५चे जवळजवळ ७० करावे लागतात, आणि इतका पडका माल हा नक्कीच नाही.

पुढचा टप्पा म्हणजे हाच बीम २०० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर नुसता टेकवून मध्यावर अर्धा किलो वजन २०० मिमी उंचीवरून सोडायचं. त्यासाठी साधा बीम सिद्धांत पुरेल, शेल (पत्र्यासारखे) एलिमेंट घ्यावेत, की थर सुटे धरून सॉलिड (ठोकळ्यांसारखे) एलिमेंट? वाचावं तितका गोंधळ वाढतोय. मार्गदर्शन करा प्लीज.

अनुनाद

मॉडेलला हात लावण्याआधी दोन गोष्टी सांगा. सेन्सर किती ग्रॅमचा आणि कुठे चिकटवला होता? क्लॅम्प कसला आहे?

अभियंती

सेन्सर ५ ग्रॅमचा, मोकळ्या टोकाला मेणाने लावलेला. क्लॅम्प म्हणजे वर्कशॉपमधला बेंच व्हाइस. जबड्यांत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घातल्या होत्या, बीमला दाब लागू नये म्हणून.

अनुनाद

मग बराचसा उलगडा इथेच होतो.

तुमच्या बीमचं वजन साधारण ३० ग्रॅम. पण कॅंटिलिव्हरच्या, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या बीमच्या, पहिल्या मोडमध्ये (कंपनाच्या पहिल्या आकारात) हे सगळं वजन टोकाइतकं हलत नाही. टोकाला आणून मोजलं तर त्यातलं जेमतेम पाव भाग, म्हणजे ७ ग्रॅम, कामाचं. त्या ७ ग्रॅमवर तुम्ही ५ ग्रॅमचा सेन्सर बसवलात. ७ला १२ने भागा, वर्गमूळ काढा, ०.७६ येतात. ६७ गुणिले ०.७६ म्हणजे ५१ हर्ट्झ. ६७ आणि ४८ मधल्या १९ हर्ट्झपैकी १६ एकट्या सेन्सरने खाल्ले.

उरलेले ३ क्लॅम्पचे. मॉडेलमध्ये आपण टोक पूर्ण जखडतो, उतार शून्य. व्हाइसमध्ये, त्यातही मऊ पट्ट्या घालून, बीम जबड्याच्या आत थोडा वाकतो. लांबी साधारण १० मिमीने वाढवून बघा, तुमचे ४८ मिळतील. अधिक रीतसर करायचं तर मुळाशी एक टॉर्शन (वळण्याला विरोध करणारी) स्प्रिंग द्या आणि तिचा ताठपणा चाचणीवरून ठरवा.

स्टीलच्या पट्टीवर हाच सेन्सर फारसा जाणवला नसता, कारण ती पाचपट जड. कंपोझिटवर प्रत्येक ग्रॅम मोजायला हवा. १ ग्रॅमचा सेन्सर टोकाला लावला तरी ६ टक्के फरक पडतो. लेझर व्हायब्रोमीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर सेन्सर क्लॅम्पजवळ सरकवा. तिथे सिग्नल लहान येईल, पण बीम आपल्या मनाने हलेल. केबलही बीमवर लोंबकळू देऊ नका, तिला मुळाशी टेपने बांधा.

आणि मॉड्युलस कमी करण्याचा सल्ला मुळीच घेऊ नका. पहिला मोड जुळेल, पण तोच पडलेला मॉड्युलस आघाताच्या गणितात जाईल आणि वाक, बल, ताण सगळंच बिघडवेल.

लंबवर्तुळ

अनुनाद यांच्याशी पूर्ण सहमत. आता सिद्धांताकडे येतो, कारण अभियंती यांचा खरा प्रश्न तो आहे. विद्यार्थ्यांना हे वर्षानुवर्षं शिकवलं आहे, तेव्हा थोडं लांबेल.

पहिली गोष्ट थरांच्या क्रमाची. तुमच्या रचनेत ०चे थर बाहेर आहेत, त्यामुळे वाकण्यातला प्रभावी मॉड्युलस ११९ गिगापास्कल येतो. तेच थर उलटे लावा, ९० बाहेर आणि ० आत, तर तो २६वर उतरतो. वजन तेच, जाडी तीच, सामान तेच, आणि फ्रिक्वेन्सी निम्म्याहूनही कमी. म्हणून थरांचा क्रम सॉफ्टवेअरमध्ये खालून वर भरायचा की वरून खाली, हे एकदा तपासून घेत जा. सममित रचनेत ते खपून जातं, असममित रचनेत अंगाशी येतं.

दुसरी गोष्ट शिअरची, म्हणजे थर एकमेकांवर सरकू पाहण्याची. ऑयलर-बर्नूली सिद्धांतात बीम वाकतो, पण त्याचा छेद मध्यरेषेला काटकोनातच राहतो. टिमोशेंकोने १९२१मध्ये शिअर हिशेबात घेतला. स्टीलमध्ये मॉड्युलस आणि शिअर मॉड्युलस यांचं गुणोत्तर २.६ असतं, म्हणून लांब बीममध्ये शिअर विसरलं तरी चालतं. कार्बन-इपॉक्सीत सगळे थर ०चे असतील तर तेच गुणोत्तर २७च्या आसपास जातं, कारण थरांमधला शिअर रेझिनच्या भरवशावर असतो. दोन्ही टोकं टेकवलेला बीम घ्या, लांबी जाडीच्या २० पट. स्टीलमध्ये शिअरमुळे पहिली फ्रिक्वेन्सी ०.३ टक्क्याने घटते. कार्बनमध्ये ३ टक्क्यांनी, आणि तिसऱ्या मोडला तब्बल २१ टक्क्यांनी. लांबी जाडीच्या १० पट केली तर पहिलाच मोड ११ टक्क्यांनी खाली येतो.

अभियंती, तुमच्या बीममध्ये हे प्रमाण ८३ आहे. पहिल्या मोडला शिअरचा त्रास नाही. पण आघात म्हणजे वरचे मोडही जागे होणार, आणि वरच्या मोडला बीम आपोआप आखूड होत जातो, कारण दोन नोडमधलं (न हलणाऱ्या बिंदूंमधलं) अंतर कमी होतं. तेव्हा टिमोशेंको पातळीच्या खाली जाऊच नका.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. फ्रिक्वेन्सी जुळली म्हणजे ताण जुळला असं मुळीच नाही. टिमोशेंको पद्धतीच्या लॅमिनेट (थरांच्या पट्टीच्या) सिद्धांतात छेद सरळच राहतो, त्यामुळे शिअर विकृती जाडीभर एकसारखी येते आणि शिअर ताण प्रत्येक थराच्या सीमेवर उडी मारतो. प्रत्यक्षात तो सीमेवर अखंड असतो आणि वरच्या-खालच्या पृष्ठभागावर शून्य होतो. खऱ्या बीमची जाडी ओलांडताना विस्थापन थराथरात दिशा बदलतं, नागमोडी जातं. पॅगानोने १९६९-७०मध्ये लवचिकतेच्या समीकरणांतून लॅमिनेटची अचूक उत्तरं काढली, त्यांत हे स्पष्ट दिसतं. नंतरचे सगळे सिद्धांत त्यांच्यापुढेच पारखले जातात.

रेड्डींचा १९८४चा तिसऱ्या घाताचा सिद्धांत पृष्ठभागावर शिअर शून्य करतो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत तरुण कांत यांनी उच्च घातांच्या सिद्धांतांवर मोठं काम केलं, आणि शिंपी व घुगल यांनी दोन थरांच्या बीमसाठी थरवार त्रिकोणमितीय सिद्धांत मांडला. प्रबंधाच्या संदर्भ-अभ्यासात ही नावं हवीतच. मान म्हणून नव्हे, त्यांच्या कोष्टकांशी तुमचा कोड ताडून पाहता येतो म्हणून.

हाताशी साधा कोड असेल तर मधला मार्ग आहे. विस्थापन टिमोशेंकोने काढा, त्यातून थरांमधला लांबीच्या दिशेचा ताण काढा, आणि शिअर मात्र समतोलाच्या समीकरणातून, जाडीभर बेरीज करत करत काढा. सीमेवरची उडी जाते आणि आकडा विश्वासाचा येतो.

जाळीकार

आघाताचं मी बोलतो. माझं रोजचं काम एक्स्प्लिसिट सिम्युलेशनचं, म्हणजे आघात अगदी लहान कालपायऱ्यांत (टाइमस्टेपमध्ये) गणण्याचं, आहे.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दहा मिनिटं घालवा. तुमच्या २०० मिमी स्पॅनचा (आधारांमधल्या भागाचा) मध्यावरचा ताठपणा साधारण ४० न्यूटन प्रति मिमी. वजन खाली पोचताना वेग २ मीटर प्रति सेकंद, ऊर्जा १ ज्यूलच्या जवळ. बीमला स्प्रिंग धरा, अर्ध्या किलोला वस्तुमान. कमाल बल २८० न्यूटन आणि स्पर्शाचा काळ ११ मिलिसेकंद येतो. या आधारांवर बीमची पहिली फ्रिक्वेन्सी २९४ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन ३.४ मिलिसेकंदांचं. स्पर्श चालू असताना बीम तीन वेळा डोलून घेतो. वजन आधारांमधल्या बीमच्या वीसपट आहे. हा आघात जवळजवळ स्थिर भारासारखाच आहे, वर थोडी थरथर.

याच जागी ५ ग्रॅमची, साधारण ११ मिमी व्यासाची स्टीलची गोळी त्याच वेगाने सोडा. स्पर्श १०० मायक्रोसेकंदांच्या आत संपतो. टोकांना खबर पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आधार कसे आहेत याला अर्थच उरत नाही. तिथे हर्ट्झचा स्पर्शनियम, वरचे मोड, शिअर, सगळं लागतं. हर्ट्झचा नियम १८८२चा: बल हे खोच पडण्याच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात. कंपोझिटसाठी त्यात तंतूच्या दिशेचा १३५ घालू नका. गोळी जाडीच्या दिशेने रुतते, तेव्हा तिथे १० लागतो. बल उतरताना वाट वेगळी असते, कारण रेझिनमध्ये कायमची खोच राहते. त्यासाठी यांग आणि सन यांचा १९८२चा अनलोडिंग नियम वापरतात, अडीच घाताचा.

एक ज्यूलला तुमच्या बीमचं काय होईल? पृष्ठभागावर विकृती ०.३ टक्के, थरांमधला शिअर ३ मेगापास्कलच्या आत. थरांची शिअर ताकद ७०-८०च्या घरात असते. काहीच होणार नाही. आणि याच मांडणीत उंची वाढवत नेली तर शिअरआधी बाहेरचे तंतू तुटतील, कारण बीम लांब आहे. डीलॅमिनेशन (थर सुटणं) बघायचं असेल तर स्पॅन आखूड करा. शॉर्ट बीम शिअरच्या डी२३४४ या एएसटीएम मानक चाचणीत स्पॅन जाडीच्या फक्त ४ पट ठेवतात, ते याचसाठी.

आता मॉडेल. डीलॅमिनेशन हवं असेल तर थरांचे गट सॉलिड किंवा कंटिन्यूअम शेलने करा आणि मधे कोहेसिव्ह एलिमेंट (भेग पडू देणारा चिकट थर) घाला. पण ते कुठे? अनेक जण बरोब्बर मध्यावर घालतात, कारण शिअर तिथे जास्तीत जास्त. तुमच्या बीममध्ये मध्यावर दोन्ही बाजूंना ९०च आहे. एकाच दिशेच्या थरांमध्ये डीलॅमिनेशन सहसा होत नाही, ते दिशा बदलते तिथे होतं. तुमच्याकडे अशा दोनच सीमा आहेत, वरची ०/९० आणि खालची ९०/०. घटनाक्रम बहुधा असा: ९०च्या गट्ठ्यात रेझिनला तिरपी शिअर भेग जाते, ती खालच्या सीमेवर पोचते, तिथे तिला पुढे तंतू आडवे येतात, मग ती सीमेवरून दोन्ही बाजूंना पसरते. म्हणजे ९०च्या गट्ठ्यात भेगेची सोय केली नाही तर नुसत्या कोहेसिव्ह थराला सुरुवातच सापडत नाही. १२ थर एका दिशेने एकत्र ठेवल्याने हे आणखी लवकर होतं. रचना बदलणं हातात असेल तर गट्ठे फोडा.

कोहेसिव्हसाठी मोड १ची (भेग उघडण्याची) भेग-ऊर्जा एएसटीएम डी५५२८ चाचणीने आणि मोड २ची (भेगेच्या बाजू घसरण्याची) डी७९०५ने मिळते; हे मोड कंपनाचे नव्हेत. आघातात मोड २चं राज्य असतं, तेव्हा नुसत्या मोड १च्या आकड्यावर भागवू नका. भेगेच्या टोकापुढचा मऊ होणारा पट्टा मिलिमीटरभराचाच असतो, त्यात किमान तीन एलिमेंट बसायला हवेत. २ मिमीचा मेश (एलिमेंटची जाळी) घेऊन डीलॅमिनेशन काढलं असं कोणी सांगितलं, तर ते चित्र बघण्यापुरतंच.

अर्धा मिमी एलिमेंट घेतलं तर तंतूच्या दिशेने आवाजाचा वेग ९२०० मीटर प्रति सेकंद असल्याने टाइमस्टेप ५४ नॅनोसेकंद येतो. ११ मिलिसेकंदांसाठी दोन लाखांवर पायऱ्या. इथे मास स्केलिंगचा, म्हणजे टाइमस्टेप वाढवायला मॉडेलचं वस्तुमान खोटं वाढवण्याचा, मोह होतो. आघातात वस्तुमान हेच तर उत्तर ठरवतं, म्हणून जपून.

मोडआकार

मास स्केलिंगच्या इशाऱ्याला +१. डॅम्पिंगबद्दल (कंपन विरण्याबद्दल) कोणी लिहिलं नाही म्हणून एक भर. रेले डॅम्पिंगमधला ताठपणाला जोडलेला भाग एक्स्प्लिसिटमध्ये टाइमस्टेप आणखी खाली खेचतो. शिवाय तंतूच्या दिशेने वाकणाऱ्या बीममध्ये डॅम्पिंग फार कमी असतं, ९०चे किंवा ४५चे थर बाहेर असले की वाढतं. म्हणून स्टीलच्या प्रकल्पातून २ टक्के उचलून इथे घालू नका. चाचणीत कंपन विरत जातं त्यावरूनच काढा.

पवनपठार

मी गणिती माणूस नाही. सातारा जिल्ह्यात पवनचक्क्यांच्या पात्यांच्या देखभालीवर आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर उभं राहिलं की ही पाती म्हणजे लांबच लांब बीमच आहेत हे डोळ्यांना दिसतं. आत एक पेटी असते. वर-खाली काचतंतूंचे जाड पट्टे, ते वाकणं घेतात, आणि मधल्या भिंती शिअर घेतात. भिंतीत फोम किंवा बाल्सा लाकडाचा गाभा.

आघाताबद्दल एवढंच सांगेन की वरून काही दिसत नाही. वाहतुकीत किंवा उचलताना पातं कशाला तरी टेकतं, रंगावर बोटभर ओरखडा असतो, आणि आत तळहाताएवढे थर सुटलेले असतात. आम्ही अजूनही आधी टॅप टेस्ट करतो. छोटी हातोडी घेऊन इंच-इंच ठोकत जायचं. चांगल्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. थर सुटलेल्या जागी बद्द येतो, पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा. मग पेन्सिलीने सीमा आखायची आणि अल्ट्रासोनिकवाल्याला बोलवायचं.

आता माझा प्रश्न. ठोकून हाताला कळतं, मग अख्ख्या पात्याची फ्रिक्वेन्सी मोजून थर सुटलेले का कळत नाहीत? आमच्याकडे एकदा मोजमाप झालं होतं. पहिल्या फ्रिक्वेन्सीत काहीच फरक नाही, आणि ठोकल्यावर ठिकाण स्पष्ट.

लंबवर्तुळ

पवनपठार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अभियंतींच्या तिसऱ्या टप्प्यालाही लागू पडतं. सविस्तर लिहितो.

थर सुटलेल्या बीमचं पहिलं मॉडेल वांग आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये मांडलं. सुटलेल्या जागी वरचा आणि खालचा भाग मोकळेपणी आपापले हलतात असं त्यांनी धरलं. त्यातून फ्रिक्वेन्सी फार खाली येत होत्या, आणि दोन भाग गणितात एकमेकांच्या आरपार जात होते. आयआयटी मुंबईतल्या मुजुमदार आणि सूर्यनारायण यांनी १९८८मध्ये सुधारणा केली: दोन्ही भाग वर-खाली एकत्रच हलतील, मात्र लांबीच्या दिशेने एकमेकांवर घसरू शकतील. उत्तरं चाचण्यांशी छान जुळली. आजही या विषयात त्यांचं मॉडेल पायाभूत मानतात.

आता घसरण्याकडे नीट पाहा. बीम समान वाकतोय, शिअर नाही, अशा भागात थर सुटले तर त्या भागाची दोन टोकं विरुद्ध दिशांना झुकतात. टोकांना दोन्ही भाग अजून चिकटलेले आहेत, म्हणून खालचा ताणला जातो, वरचा दाबला जातो, आणि दोघे मिळून जवळजवळ अखंड बीमसारखंच काम करतात. ताठपणा जात नाही. उलट, सुटलेल्या भागाची दोन्ही टोकं एकाच दिशेने झुकली तर ताण-दाब तयारच होत नाही. दोन पातळ पट्ट्या सुट्या वाकतात. मध्यावर चीर असेल तर तिथला ताठपणा चौथाईवर येतो.

आघात कुठे होतो? स्पॅनच्या मध्यावर. डीलॅमिनेशनही बहुधा मध्याभोवतीच पसरतं. आणि पहिल्या मोडमध्ये मध्यावर शिअर शून्य असतो. म्हणजे नेमक्या त्या जखमेला पहिला मोड आंधळा. दुसऱ्या मोडमध्ये मध्यावर वाक शून्य आणि शिअर जास्तीत जास्त. त्याला ती पहिल्यांदा दिसते.

ढोबळ हिशेब करून पाहिला. सगळे थर एकाच दिशेचे, आधार २०० मिमी अंतरावर, मध्यावर ४० मिमीची आरपार चीर. पहिला मोड जवळजवळ जागचा हलत नाही, दुसरा ७ टक्क्यांनी उतरतो. हा परिणाम चिरेच्या लांबीच्या घनाने वाढतो, म्हणून २० मिमीची चीर एक टक्काही दाखवणार नाही. पात्यात तळहाताएवढी जखम एकूण लांबीच्या किती टक्के, ते तुम्हीच बघा. म्हणून हातोडी जिंकते. ती त्या जागेची स्वतःची फ्रिक्वेन्सी ऐकते.

जाळीकार

हे फार सुरेख मांडलंत. एक व्यावहारिक पुरवणी: आघातानंतरच्या कंपनाच्या मॉडेलमध्ये सुटलेल्या पृष्ठभागांना कॉन्टॅक्ट (टेकण्या-सुटण्याचा नियम) देता येत नाही, कारण मोडल विश्लेषण रेषीय असतं. तिथे दोन्ही बाजूंचं फक्त उभं विस्थापन बांधून टाका आणि लांबीचं मोकळं सोडा. म्हणजेच मुजुमदार-सूर्यनारायण यांचं गृहीतक.

कुतूहल

दोन दिवस मन लावून वाचतोय. या सगळ्यावर माणसांनी केवढी किंमत मोजली आहे, तेही इथे नोंदवावंसं वाटतं. रोल्स-रॉइसने आरबी२११ इंजिनासाठी हायफिल नावाची कार्बन फायबरची फॅन ब्लेड केली होती. वजन वाचत होतं, पण १९७०मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावं लागलं. खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ब्रिटिश सरकारने ती ताब्यात घेतली. कंपोझिट फॅन ब्लेड प्रवासी विमानात यशस्वी झाली ती १९९५मध्ये जीई९० इंजिनावर, तीही पुढच्या कडेला टायटॅनियम चढवून. ब्लेड कंपनाला उत्तम असून आघाताला कच्ची असू शकते, याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

अभियंती

सगळ्यांचे मनापासून आभार. सेन्सर क्लॅम्पजवळ सरकवला, केबल बांधली. आता ६२ हर्ट्झ येतात. मॉडेलमध्ये १० मिमी जादा लांबी दिली तर तेही ६२. मॉड्युलसला हात लावलेला नाही.

आघातासाठी स्पॅन आखूड करते आहे, आणि नव्या पॅनेलमध्ये ९०चा गट्ठा फोडून ० आणि ९० आलटून पालटून घेणार आहे. कोहेसिव्ह सीमा दिशा बदलेल तिथेच. आघातानंतर दुसरा मोड बघायचा हे पक्कं. पण ते क्लॅम्प करून बघू, की टेकवून?

अनुनाद

दोन्ही नको. क्लॅम्प पुन्हा लावताना टॉर्क जरा बदलला तरी एखाद-दोन टक्के हलतात, आणि तुम्हाला शोधायचाय तेवढाच फरक. बीम दोन बारीक दोऱ्यांवर मोकळा टांगा, प्रत्येक टोकापासून ५६ मिमीवर. पहिल्या मोडचे नोड तिथे येतात. जुन्या बीमसाठी पहिला मोड ४२६ आणि दुसरा ११७५ हर्ट्झच्या आसपास यायला हवा. दुसऱ्या मोडचा नोड बरोब्बर मध्यावर असतो, म्हणून मध्यावर ठोकू नका, तिथे तो उठणारच नाही. टोकाच्या जवळ हलकेच ठोका आणि सेन्सर लावूच नका. बाजूला एक साधा मायक्रोफोन ठेवा, या फ्रिक्वेन्सी सरळ कानाच्या टप्प्यातल्या आहेत. आघाताआधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच दिवशी, एकाच खोलीत घ्या. इपॉक्सी गरमीने आणि ओलाव्याने मऊ पडतो, आणि पावसाळ्यात ते जाणवतं.